ऊन लागलेल्याला आधी गार करा, मग गाडीत घाला

होळी पेटली की थंडी पळाली, असे आपण म्हणतो. गुढीपाडव्यापर्यंत माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात आणि चौकातल्या रसवंतीचे घुंगरू वाजू लागतात. एप्रिल निम्मा सरला की दुपारी बाराच्या पुढे रस्ते ओस पडतात. मग लग्नसराई येते, शेवटी नवतपा येतो. आपल्या विदर्भाला हे काही नवे नाही. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तरीही दुसऱ्या दिवशी लोक कामाला गेलेच. ऊन आपल्या सवयीचे झाले आहे, आणि माझ्या मते खरा धोका या सवयीतच आहे.

१९९८ सालच्या मे महिन्यातील एक दुपार मी अजून विसरलेलो नाही. दवाखाना सुरू करून मला जेमतेम तीन वर्षे झाली होती. साडेतीनच्या सुमारास एक जीप दारात थांबली. आत पस्तिशीचा एक शेतमजूर होता. सकाळपासून वावरात शेणखत पसरवत होता. त्याच्या अंगावर जाड चादर गुंडाळलेली होती, कारण ‘ताप भरला आहे’ अशी घरच्यांची समजूत. त्याचा भाऊ म्हणाला, ‘‘डाक्टरसाहेब, अंग निरा तव्यावानी तापलं हाय, अन् काहीबाही बोलते.’’ थर्मामीटर लावला, तो पारा १०७ फॅरनहाईटच्या वर. मी ताप उतरण्याचे इंजेक्शन दिले, सलाईन लावले, कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि चिठ्ठी लिहून त्याला पंचावन्न किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. गाडी अर्ध्या रस्त्यातून परत आली.

त्या वेळी मला वाटले, मी सर्व काही केले. आज सांगायला संकोच वाटतो, पण सांगितलेच पाहिजे. माझ्या दवाखान्याच्या आवारात, त्या जीपपासून दहा पावलांवर पाण्याने भरलेला हौद होता. त्या हौदातील चार बादल्या पाणी माझ्या इंजेक्शनापेक्षा अधिक कामाचे होते, आणि ते मी वापरले नाही. आजचा लेख मुख्यतः त्या चार बादल्यांविषयी आहे.

शरीराचा कूलर

आपल्या शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाईट असते. बाहेर ४५ अंश असले तरी आत ३७ च राखावे लागते. हे काम घाम करतो. कूलर कसा चालतो ते आपण रोज पाहतो. ताटीवर पाणी पडते, त्यावरून हवा जाते, पाणी सुकताना उष्णता ओढून घेते आणि खोली गार होते. आपली कातडी म्हणजे अशीच एक ओली ताटी. घाम आला म्हणून अंग गार होत नाही, घाम सुकला म्हणजे गार होते.

आता दोन गोष्टी लक्षात घ्या. टाकीतले पाणी संपले की कूलर नुसती गरम हवा फेकतो. त्याचप्रमाणे शरीरातील पाणी कमी पडले की घाम आटतो आणि आतले तापमान चढू लागते. उन्हात अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. दुसरी गोष्ट अशी की, पावसाळी दमट हवेत कूलर काम करीत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तसेच हवेत दमटपणा असला की घाम नुसता निथळतो, सुकत नाही. म्हणूनच कमी तापमानातही ऊन लागते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर मोठा समारंभ झाला. त्या दिवशी तेथील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. आपल्याकडे ३८ अंश म्हणजे ‘आज बरे आहे’ असे म्हणतात. पण तेथे उन्हात तासन् तास बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. पहिल्या पावसाच्या आधी, जूनच्या सुरुवातीस, ढगाळ आणि कोंदट दिवशी आपल्याकडेही हेच घडू शकते.

आणखी एक. वर्तमानपत्रात छापून येते ते तापमान सावलीतले असते. हवामान खात्याचे थर्मामीटर झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत, उन्हापासून आडोशाला ठेवलेले असते. डांबरी रस्त्यावर, टिनाच्या शेडमध्ये किंवा वीटभट्टीजवळ माणसाला सोसावी लागणारी उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते.

ऊन एकदम लागत नाही

‘काल चांगला होता हो, एकदम पडला,’ असे नातेवाईक सांगतात. खोदून विचारले तर कळते की तो एकदम पडलेला नसतो. उन्हाचा त्रास पायरीपायरीने वाढत जातो.

पहिली पायरी घामोळ्यांची. त्याने जीव जात नाही, पण घामाची छिद्रे बंद होतात. सैल सुती कपडे, दोन वेळा गार पाण्याने अंघोळ आणि कोरडे अंग एवढे पुरते. पावडरीचे थर देऊ नयेत.

दुसरी पायरी पेटक्यांची. पोटऱ्या, मांड्या, पोट यांत गोळे येतात. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते आणि माणूस वर नुसते पाणी पितो, अशा वेळी हे होते. सावलीत बसून मीठ-साखरेचे पाणी किंवा मीठ घातलेले ताक घ्यावे आणि त्या दिवशी पुन्हा कष्टाचे काम करू नये.

तिसरी पायरी थकव्याची. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, भरपूर घाम येतो, अंग गळून जाते, लघवी कमी आणि गडद पिवळी होते. मात्र माणूस शुद्धीवर असतो आणि नीट बोलतो. येथे थांबलात तर बहुतेक वेळा काम घरीच भागते. गार जागी पाय थोडे उंच करून झोपवावे, कपडे सैल करावेत, अंग पुसावे, वारा घालावा आणि घोट घोट पाणी द्यावे. तासाभरात बरे वाटले नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर डॉक्टरांकडे न्यावे.

चौथी पायरी उष्माघाताची. येथे शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस म्हणजे १०४ फॅरनहाईटच्या वर जाते आणि मेंदू बिघडू लागतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, झटके येतात, शुद्ध हरपते. पुष्कळांना वाटते की अंग कोरडे असेल तरच उष्माघात. म्हाताऱ्या माणसांत अंग बहुधा कोरडे असते हे खरे. पण उन्हात राबणाऱ्या तरुण माणसाला घामाने निथळत असतानाही उष्माघात होतो. म्हणून घामावर विसंबू नका. थर्मामीटर जवळ नसेल तर सोपी परीक्षा सांगतो. त्याला विचारा, ‘तुझे नाव काय? आपण कुठे आहोत? आज वार कोणता?’ उन्हातून आलेला माणूस या प्रश्नांची उत्तरे चुकू लागला, तर तो चौथ्या पायरीवर आहे असे धरून चाला.

आधी गार करा

उष्माघातात शरीर भट्टीसारखे तापलेले असते. मेंदू, यकृत, मूत्रपिंड या उष्णतेत अक्षरशः शिजू लागतात. किती वेळ शिजले यावर माणूस वाचणार की नाही ते ठरते. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आणले तर बहुतेक रोगी वाचतात. आपल्याकडे मात्र हा अर्धा तास गाडी शोधण्यात, कपडे बदलण्यात आणि ‘कुठे न्यायचे’ या चर्चेत जातो. म्हणून क्रम पाठ करून ठेवा.

एकाने १०८ क्रमांकावर फोन करावा. बाकीच्यांनी त्याच क्षणी पुढील कामाला लागावे. रोग्याला सावलीत आणावे. अंगावरचे जास्तीचे कपडे काढावेत. डोक्यापासून पायापर्यंत बादलीने पाणी ओतावे आणि ओल्या अंगावर पंखा, सूप, पोते, पुठ्ठा, जे हाताशी असेल त्याने जोराने वारा घालावा. शेतात मोटार चालू असेल तर पाइपच खाली धरावा. हौद असेल तर डोके वर धरून, दोघांनी पक्के पकडून अंग पाण्यात ठेवावे. बर्फ मिळाला तर फडक्यात बांधून मानेला, काखेत आणि जांघेत लावावा, कारण तेथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीजवळ असतात. नुसत्या कपाळावरच्या पट्टीने काही होत नाही. माणूस भानावर येईपर्यंत किंवा ताप १०२ फॅरनहाईटपर्यंत उतरेपर्यंत थांबू नये. गाडी आल्यावरही खिडक्या उघड्या ठेवून, अंग ओले ठेवीतच न्यावे. भानावर आला तरी दवाखान्यात नेणे टाळू नये, कारण मूत्रपिंड आणि यकृताला झालेली इजा दोन-तीन दिवसांनी दिसून येते.

काय करू नये तेही सांगतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते फुप्फुसात जाते. तापाची गोळी देऊ नये. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदू स्वतःच शरीराचे तापमान वर चढवून ठेवतो, तेथे ही गोळी उपयोगी पडते. उष्माघातात बाहेरची उष्णता आत साठलेली असते, तिच्यावर गोळी चालत नाही, उलट दुखावलेल्या यकृतावर भार पडतो. आणि चादर तर मुळीच गुंडाळू नये.

येथे हमखास एक शंका येते. ‘तापल्या अंगावर गार पाणी टाकले तर सर्द-गरम होईल, लकवा मारेल.’ ही भीती इतकी खोल आहे की मी समोर उभा असताना एका आजीने माझ्या हातातला मग धरून ठेवला होता. गार पाण्याने लकवा मारत नाही. क्वचित अंग शहारते, थंडी वाजते, तेवढे चालते. उष्माघातात मरण येते ते गरम राहिल्याने.

२०१९ सालच्या मे महिन्यात वीटभट्टीवरचा एक मजूर माझ्याकडे आणला गेला. तो चिंब भिजलेला होता. त्याच्या बायकोने तो बरळू लागताच माती कालवण्यासाठी भरून ठेवलेल्या टिपातील पाणी त्याच्यावर ओतले होते आणि वाटेतही ओले पोते अंगावर ठेवून ती वारा घालत आली होती. ती शाळेत गेलेली नव्हती. तिला विचारले तर म्हणाली, ‘‘तापलेली वीट आम्ही पाण्यानंच थंडी करतो ना साहेब.’’ मी पुढचे उपचार करून त्याला जिल्ह्याला पाठवले. आठव्या दिवशी तो पायी चालत माझ्याकडे आला. १९९८ मध्ये मला जे सुचले नाही ते तिला सुचले होते.

कोणाला विशेष जपावे

साठीच्या पुढच्या माणसांना तहान कमी लागते. तहान लागल्यावर पाणी देऊ, असे म्हणत बसू नये. त्यांच्या हातात तासातासाला पेला द्यावा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि मानसिक आजारांवरील काही औषधे घेणाऱ्यांनी उन्हाळा सुरू होताच आपल्या डॉक्टरांना एकदा भेटावे. या औषधांनी शरीरातील पाणी किंवा घाम कमी होतो. मात्र गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असून ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनीही किती प्यावे हे विचारूनच ठरवावे.

लहान मुलांचे शरीर लवकर तापते. बंद मोटारीत मूल क्षणभरही ठेवू नये. ऊन असताना बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते. सहा महिन्यांखालील बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये, हे ऐकून पुष्कळ आज्यांना आश्चर्य वाटते. आईच्या दुधात बाळाला लागणारे पाणी पुरेसे असते. वरच्या पाण्याने मिळते ती हगवण. अंगावर वारंवार पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे.

नव्याने उन्हात काम सुरू करणाऱ्यालाही धोका असतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पुण्या-मुंबईहून सुटीवर आलेला मुलगा, आजारातून उठलेला मजूर, लग्नासाठी थंड गावाहून आलेले पाहुणे, यांनी पहिल्या दिवशी गावकऱ्यांची बरोबरी करू नये. वरातीत भरदुपारी कोट आणि फेटा घालून नाचणारे आणि त्यावर मद्य घेणारे तरुण मला दरवर्षी दवाखान्यात भेटतात. दारूने लघवीवाटे पाणी जाते आणि त्रास होत असल्याचे भान राहत नाही.

शेतकरी-मजूर बांधवांनी शक्य तेवढे काम सकाळी अकराच्या आत आणि सायंकाळी चारच्या पुढे करावे. दुपारी काम टळत नसेल तर एकट्याने करू नये. एक पडला तर दुसऱ्याने पाणी ओतायला जवळ असावे.

गेल्या आठवड्यात एका वाचकाने पत्राने विचारले आहे, की खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही हे खरे काय? कांदा जेवणात खावा, चवीला उत्तम. खिशातील कांद्याने शरीराचे तापमान कमी होत नाही. कांदा खिशात आहे म्हणून माणूस निर्धास्त होतो, हा त्यातला तोटा. त्यापेक्षा डोक्याला ओला दुपट्टा आणि हातात पाण्याची बाटली असू द्यावी.

काय प्यावे, किती प्यावे

उन्हात राबणाऱ्याने तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. इतरांनी लघवीच्या रंगाकडे लक्ष द्यावे. फिकट, गवती रंगाची लघवी दिवसातून पाच-सहा वेळा होत असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद पिवळी असेल, जळजळ होत असेल तर कमी पडते आहे. मुतखड्याच्या कळा आणि लघवीचा जंतुसंसर्ग उन्हाळ्यात वाढतो तो यामुळेच. बसस्थानकावर किंवा शाळा-कचेरीत स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायामुलींना हा त्रास सर्वांत अधिक होतो.

पन्हे, ताक, कोकम सरबत, लिंबू सरबत ही आपली जुनी पेये उत्तम आहेत. त्यांत चिमूटभर मीठ आठवणीने घालावे. मधुमेह असलेल्यांनी पन्ह्याऐवजी ताक घ्यावे. बाटलीबंद गोड थंड पेयांनी तहान भागल्यासारखी वाटते, पण त्यांत साखरच फार. माठातल्या पाण्याला तोड नाही. मात्र ते पाणी कोठून आले, हे पाहिले पाहिजे.

शरीरात येणारे पाणी

आतापर्यंत शरीरातून जाणाऱ्या पाण्याबद्दल सांगितले. उन्हाळ्यातील दुसरे अर्धे आजार शरीरात येणाऱ्या पाण्याचे. विहिरींचा तळ दिसू लागतो, नळ तीन-चार दिवसांआड येतो, रिकाम्या जलवाहिनीत फुटक्या जागेतून गटाराचे पाणी शिरते, टँकर येतो आणि मिळेल ते भांडे भरले जाते. मग गॅस्ट्रो, टायफॉईड आणि कावीळ यांची साथ येते. गर्भवतीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, पाण्यातून होणारी कावीळ जिवावर बेतू शकते. डोळे पिवळे दिसताच तिला झाडपाल्याच्या औषधाकडे न नेता सरळ रुग्णालयात न्यावे.

पाणी गाळणे म्हणजे शुद्ध करणे नव्हे. फडक्यातून माती अडते, जंतू अडत नाहीत. पाणी खळखळून उकळावे, किंवा क्लोरीनचे द्रावण अथवा गोळी वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. सार्वजनिक विहिरीत टीसीएल पावडर नियमित पडते की नाही, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारणे हा आपला हक्क आहे. माठात हात बुडवू नये, लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

बर्फाचे वेगळे सांगतो. कारखान्यातील सगळा बर्फ खाण्यासाठी नसतो. मासे आणि इतर माल टिकवण्यासाठीचा बर्फ कोणत्याही पाण्याचा असू शकतो. म्हणूनच २०१८ साली अशा बर्फात निळा रंग मिसळण्याचे बंधन घालण्यात आले. निळसर बर्फ रसात किंवा गोळ्यात दिसला तर तो घेऊ नये. पांढरा दिसला तरी गोणपाटात गुंडाळून जमिनीवरून ओढत आणलेला बर्फ स्वच्छ असेलच असे नाही. उसाचा रस प्यावा, पण बिनबर्फाचा, आणि यंत्र धुतलेले पाहून.

लग्नाच्या जेवणातही काळजी हवी. सकाळी शिजवलेला भात, दुधाची मिठाई, मठ्ठा ४२ अंशांच्या मांडवात चार तास राहिला की त्यात जंतू वाढतात. दुसऱ्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत अन्न गरमच राहील, अशी व्यवस्था यजमानाने करावी. उरलेले अन्न संध्याकाळी वाटण्याचा पुण्यसंचय करू नये.

जलसंजीवनी

जुलाब-उलट्या लागल्याच, तर मृत्यू येतो तो शरीरातील पाणी आणि क्षार संपल्याने. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, पटकीची साथ आली. सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी रोग्यांना तोंडाने पाजण्यास सुरुवात केली. नातेवाईकच रोग्याला पेल्याने पाजत बसले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. हीच आपली जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेले पाकीट घ्यावे. मोठे पाकीट एक लिटर शुद्ध पाण्यात एकाच वेळी पूर्ण विरघळवावे आणि चोवीस तासांत संपवावे. थोडी पूड थोड्या पाण्यात असा अंदाज करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. बाळ उलटी करीत असेल तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा द्यावे. सहा महिन्यांवरील मुलाला याबरोबर झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चौदा दिवस द्यावी. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये.

दुकानात ओआरएससारखे नाव लावलेली गोड, खोक्यातली पेये मिळत असत. त्यांत साखर अधिक आणि क्षार कमी असल्याने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या वेष्टनावर ‘ओआरएस’ हे नाव वापरण्यास मनाई केली. तरीही घेताना वेष्टन वाचून घ्यावे.

मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले किंवा पोटात काहीच टिकेना, तर घरी थांबू नये.

कूलरबाबत दोन शब्द

उन्हाळ्यातील एका अपघाताचा उल्लेख केल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. लोखंडी कूलरच्या टाकीत पाणी भरताना विजेचा धक्का बसून आपल्या भागात दरवर्षी माणसे, बहुधा बायका आणि मुले, मरतात. ओली फरशी, अनवाणी पाय आणि चालू पंप. बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावू नये आणि मुलांना पाणी भरायला सांगू नये. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. कोणी चिकटले तर त्याला हाताने ओढू नये, आधी मेन स्विच बंद करावा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करावी, म्हणजे डेंग्यूच्या डासांची पैदास होणार नाही. आणि कूलर चालू असताना एक खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोली दमट होते आणि घाम सुकत नाही.

वाचकहो, उन्हाळा आपल्याला टाळता येणार नाही. गरिबाला दुपारचे कामही टाळता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ऊन लागून मरणारा बहुतेक प्रत्येक माणूस वाचवता येण्यासारखा असतो, आणि त्याला पहिल्यांदा पाहणारा डॉक्टर नसतो, तुम्ही असता. वावरात, भट्टीवर, मांडवात, बसस्थानकावर कोणी बरळताना, झोकांड्या खाताना दिसला, तर डॉक्टरांची वाट पाहू नका. माझ्या हौदातील पाणी त्या दिवशी तसेच राहिले. तुमच्या बादलीतील पाणी तसे राहू देऊ नका.